शिरोळच्या एक नंबरला वरचा दर काय लागला? अटीसह सर्वांत मोठा आकडा काढायची रीत

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर कोल्हापुरात गुळाचे सौदे निघाले की अडत दुकानात पावत्यांचा ढीग लागायला सुरुवात होते. गल्ल्यासमोर आलेला शेतकरी "यंदा सगळ्यांत चढा दर किती?" असं कधी विचारत नाही. तो विचारतो, "काय ओ, आमच्या शिरोळच्या एक नंबरला वरचा दर काय लागला?" या दोन प्रश्नांत बरंच अंतर आहे. पहिल्याला एक्सेलचं मॅक्स हे साधं फंक्शन पुरतं. दुसऱ्यात दोन अटी दडलेल्या आहेत, तालुका शिरोळ आणि प्रत एक नंबर, आणि उत्तर त्या अटींत बसणाऱ्या पावत्यांतूनच यायला हवं.

काही वर्षांपूर्वी मी एका अडत दुकानाचं संगणकाचं काम बघायचो. तिथे या प्रश्नासाठी रोज फिल्टर लावायचा, डोळ्यांनी आकडा शोधायचा आणि फिल्टर काढायला विसरायचं, असा शिरस्ता होता. त्यापायी एकदा एकाला दुसऱ्याच तालुक्याचा दर सांगून झाला. शेवटी एका रविवारी बसून मी ते काम फॉर्म्युल्यावर टाकलं. त्यातलं मुख्य फंक्शन मॅक्सइफ्स: ते अटींत बसणाऱ्या नोंदींतूनच सर्वांत मोठा आकडा काढतं.

आधी एक खुलासा. इथे फॉर्म्युले देवनागरीत छापले आहेत. तुम्ही टंकताना फंक्शनचं नाव, रकान्याचं अक्षर आणि अंक इंग्रजी कळफलकावरून टाका. अवतरणचिन्हांतला मराठी मजकूर मात्र मराठीतच राहू द्या. मॅक्सइफ्सची अक्षरं एम, ए, एक्स, आय, एफ, एस अशी सलग येतात. पहिली दोन-तीन टंकली की एक्सेल आणि गूगल शीट्स पुढचं नाव स्वतःच सुचवतात.

नमुन्याची वही

खालच्या दहा पावत्या घेऊन बसा. दर उदाहरणापुरते आहेत, आजचा बाजारभाव समजू नका. पहिल्या ओळीत शीर्षकं आणि २ ते ११ या ओळींत नोंदी. तारखा नोव्हेंबर २०२५ मधल्या, दर क्विंटलचा. रवा म्हणजे गुळाची ढेप.

| ओळ | ए: तारीख | बी: तालुका | सी: प्रत | डी: रवे | ई: दर |
|---|---|---|---|---|---|
| २ | ३ नोव्हेंबर | शिरोळ | एक नंबर | ४२ | ४१५० |
| ३ | ३ नोव्हेंबर | करवीर | स्पेशल | १८ | ४८०० |
| ४ | ४ नोव्हेंबर | पन्हाळा | एक नंबर | ६० | ४२०० |
| ५ | ६ नोव्हेंबर | शिरोळ | दोन नंबर | ३५ | ३८५० |
| ६ | ८ नोव्हेंबर | कागल | एक नंबर | २५ | ४१०० |
| ७ | १० नोव्हेंबर | शिरोळ | एक नंबर | ५० | ४३२० |
| ८ | १२ नोव्हेंबर | करवीर | एक नंबर | ३० | ४३२० |
| ९ | १५ नोव्हेंबर | पन्हाळा | स्पेशल | १२ | ४७५० |
| १० | १७ नोव्हेंबर | शिरोळ | स्पेशल | ८ | ४९०० |
| ११ | १८ नोव्हेंबर | कागल | दोन नंबर | ४० | ३७०० |

पहिला फॉर्म्युला

रिकाम्या सेलमध्ये हे लिहा:

=मॅक्सइफ्स(ई२:ई११, बी२:बी११, "शिरोळ")

उत्तर ४९००. कंसात आधी ज्यातून मोठा आकडा हवा तो रकाना, मग जिथे अट तपासायची तो रकाना, मग अट. समइफची सवय असलेल्यांचा इथे घोटाळा होतो, कारण त्यात बेरजेचा रकाना शेवटी येतो. मॅक्सइफ्समध्ये आकड्यांचा रकाना पहिला.

दुसरी अट जोडायची तर रकाना आणि अट अशी आणखी एक जोडी पुढे लिहायची:

=मॅक्सइफ्स(ई२:ई११, बी२:बी११, "शिरोळ", सी२:सी११, "एक नंबर")

उत्तर ४३२०. गल्ल्यासमोरच्या माणसाला हवं होतं ते हेच. एक्सेलमध्ये अशा १२६ जोड्या चालतात. गुळाच्या धंद्यात चारच्या वर मला कधी लागल्या नाहीत. सगळे रकाने एकाच उंचीचे हवेत, एवढं पथ्य पाळा. ई२:ई११ सोबत बी२:बी१० लिहिलंत तर एक्सेल चूक दाखवून थांबतं. हे बरंच म्हणायचं, कारण काही चुकांच्या वेळी ते गप्प बसतं. त्या पुढे येतीलच.

आकडा बरोबर, उत्तर चूक

आता पहिल्या फॉर्म्युल्याकडे पुन्हा बघा. शिरोळचा चढा दर ४९०० आला. ओळ १० वाचा: स्पेशल माल, ८ रवे. तीस किलोचा रवा धरला तर २४० किलो, म्हणजे अडीच क्विंटलही नाही. कोणीतरी निवडक आठ रवे आणले, रंग-कणी बघून व्यापारी चढले आणि ४९०० लागला. पन्नास रवे घेऊन येणाऱ्याला तुम्ही "शिरोळला ४९०० लागलाय" असं सांगितलंत, तर तो त्या आशेवर माल आणणार आणि सौद्यानंतर तुमच्याच नावानं बोटं मोडणार.

म्हणून मी रव्यांची अट नेहमी घालतो:

=मॅक्सइफ्स(ई२:ई११, बी२:बी११, "शिरोळ", डी२:डी११, ">=२०")

उत्तर ४९०० वरून ४३२० वर आलं. गणित दोन्ही वेळा बरोबरच होतं. फरक कोणत्या पावत्या मोजायच्या त्यात होता. मोठा आकडा काढताना ही काळजी बेरजेपेक्षा जास्त घ्यावी लागते. बेरजेत एखादी भलतीच नोंद बाकीच्यांत मिसळून जाते, मॅक्समध्ये मात्र ती एकटी डोक्यावर बसते. दर टंकताना ४३२० चे ४३२०० झाले तर तेच तुमचं उत्तर. पावत्या भरून झाल्या की अटीशिवायचा साधा मॅक्स आणि साधा मिन एकदा काढून बघा. पंधरा सेकंदांचं काम आहे.

वीस हा आकडा फॉर्म्युल्यात कोंबण्यापेक्षा एका सेलमध्ये ठेवा, समजा एच१ मध्ये. मग अट अशी लिहायची: ">="&एच१. चिन्ह अवतरणात, सेल बाहेर, मधे आणि-चिन्ह. ">=एच१" असं सगळं अवतरणात घातलं की एक्सेल एच१ ही अक्षरंच शोधत बसतं. सापडत काहीच नाही, उत्तर शून्य येतं आणि चूक झाल्याचं कळतही नाही.

शून्याचा अर्थ काय घ्यायचा

वरच्या फॉर्म्युल्यात तालुका गगनबावडा लिहून पाहा. उत्तर ०. गगनबावड्याच्या गुळाला शून्य रुपये दर लागला, असा त्याचा अर्थ नाही. त्या तालुक्याची पावतीच नाही, पण मॅक्सइफ्सला "काही सापडलं नाही" म्हणता येत नाही, ते शून्य देतं. वरिष्ठांकडे जाणाऱ्या तक्त्यात हे शून्य गेलं की खुलासे देत बसावं लागतं. त्यावर उपाय, आधी काउंटइफ्सने अटीत बसणाऱ्या पावत्या मोजायच्या:

=इफ(काउंटइफ्स(बी२:बी११, "गगनबावडा")=०, "नोंद नाही", मॅक्सइफ्स(ई२:ई११, बी२:बी११, "गगनबावडा"))

मॅक्सइफ्समध्ये जितक्या अटी, तितक्या सगळ्या काउंटइफ्समध्येही हव्यात. एक राहिली तर पहारेकरी एका दारावर आणि चोर दुसऱ्या दारातून.

अट ज्या सेलमधून घेता तो सेल, समजा एच३, रिकामा असला तरी शून्यच येतं, कारण रिकाम्या सेलची अट शून्य धरली जाते. "तालुका निवडला नाही तर सगळे तालुके धर" असं हवं असेल, तर अटीच्या जागी इफ(एच३="", "*", एच३) लिहा. चांदणीचं चिन्ह म्हणजे कोणताही मजकूर. चांदणी वापरताना थोडं जपून. गावांच्या रकान्यात "शिरो*" लिहिलं, तर शिरोळसोबत हातकणंगले तालुक्यातली शिरोलीही जाळ्यात येते.

गूळ, गुळ आणि शेवटची मोकळी जागा

मराठीत वही ठेवणाऱ्यांची खरी डोकेदुखी इथे आहे, आणि इंग्रजी माहितीपुस्तकांत तिचा उल्लेख नसतो. इंग्रजीत कॅपिटल-स्मॉलचा फरक मॅक्सइफ्स मनावर घेत नाही. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाला मात्र तशी सूट नाही. शाहूवाडी आणि शाहुवाडी हे त्याच्या लेखी दोन तालुके. गडहिंग्लज आणि गडहिंगलज तसेच. दुकानात सकाळी एक मुलगा पावत्या भरणार, संध्याकाळी दुसरा, आणि मोबाईलवरून मालक तिसरंच शुद्धलेखन पाठवणार. फॉर्म्युला कितीही अचूक लिहा, निम्म्या पावत्या त्याला दिसणारच नाहीत. उत्तर येईल, ते खरंही वाटेल, पण खऱ्याहून कमी असेल.

त्यात शेवटी राहिलेली मोकळी जागा. "शिरोळ" आणि "शिरोळ " पडद्यावर सारखेच दिसतात. त्यांना ओळखायला लेन हे फंक्शन वापरा, ते अक्षरं मोजतं. =लेन(बी२) चं उत्तर शिरोळला ५ येतं. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण संगणक श, वेलांटी, र, ओकार आणि ळ असे पाच वेगळे मोजतो. पन्हाळ्याला ७ येतात, कारण पाय मोडायचं चिन्हही मोजलं जातं. शिरोळला ६ आले की समजायचं, कुठेतरी मोकळी जागा चिकटली आहे.

=ट्रिम(बी२) पुढची-मागची मोकळी जागा काढतं. संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुरात कधी एक निराळीच, न तुटणारी मोकळी जागा येते. ती ट्रिमला जुमानत नाही. तिच्यासाठी हे:

=ट्रिम(सबस्टिट्यूट(बी२, यूनिकॅर(१६०), " "))

हे बाजूच्या रकान्यात खालपर्यंत ओढा, कॉपी करा आणि मूळ रकान्यावर फक्त व्हॅल्यू पेस्ट करा.

पण खरा उपाय आधीचा आहे: टंकूच देऊ नका. डेटा मेनूत डेटा व्हॅलिडेशन, त्यात लिस्ट निवडा आणि जिल्ह्याचे बारा तालुके एकदाच नीट लिहून द्या: करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कागल, हातकणंगले, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, गडहिंग्लज, आजरा, चंदगड. प्रतीसाठीही तशीच यादी. मग पावती भरणारा यादीतून निवडतो आणि शुद्धलेखनाचा प्रश्नच उरत नाही. पेस्ट केलेला मजकूर मात्र ही राखण ओलांडून आत येतो, एवढं ध्यानात असू द्या.

दराच्या रकान्यातही हीच गत. "४३२० रु." असं लिहिलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि मॅक्सइफ्स त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. समजा नेमका तोच सर्वांत मोठा असला तर? =इझनंबर(ई२) खालपर्यंत ओढून बघा. जिथे फॉल्स येईल ती पावती दुरुस्त करा. रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर ते सेलच्या फॉरमॅटमधून द्या.

कोणाला लागला, कधी लागला

दर सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठल्या दिवशी?" करवीरच्या एक नंबरचा चढा दर एच२ मध्ये काढून ठेवला आहे, ४३२०. आता बहुतेक जण असं लिहितात (मॅच तो आकडा कितव्या ओळीत आहे ते शोधतं, इंडेक्स त्या ओळीतली तारीख देतं):

=इंडेक्स(ए२:ए११, मॅच(एच२, ई२:ई११, ०))

उत्तर १० नोव्हेंबर. नोंदींवर नजर टाका. १० नोव्हेंबरची ओळ ७ शिरोळची आहे. करवीरचा ४३२० लागला तो १२ तारखेला, ओळ ८ मध्ये. मॅचला कोणी तालुका सांगितलाच नव्हता. त्याने वरून पहिला ४३२० उचलला आणि दिला. दहा ओळींत हे लगेच दिसतं, चार हजार पावत्यांत कोण बघायला जातंय? आकडा काढताना घातलेल्या सगळ्या अटी शोधतानाही घालायच्या:

=इंडेक्स(ए२:ए११, मॅच(१, (बी२:बी११="करवीर")*(सी२:सी११="एक नंबर")*(ई२:ई११=एच२), ०))

तिन्ही कंस प्रत्येक ओळीसाठी खरं किंवा खोटं ठरवतात. गुणाकारात खरं म्हणजे १ आणि खोटं म्हणजे ०. तिन्ही खरे असतील त्याच ओळीत गुणाकार १ येतो, आणि मॅच तो पहिला १ शोधतो. जुन्या एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये नुसतं एंटर न दाबता कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबा. तारखेऐवजी ४५९७३ असा आकडा आला तर घाबरू नका. एक्सेल तारखा १९०० सालापासूनच्या दिवसांच्या क्रमाने मोजतं, १२ नोव्हेंबर २०२५ चा क्रम तोच आहे. सेलला तारखेचा फॉरमॅट द्या.

अट फक्त एक नंबरची असेल तर शिरोळ आणि करवीर दोघेही ४३२० वर बरोबरीत आहेत. इंडेक्स-मॅच एकालाच मान देतं. बाजारात असा पक्षपात बरा नव्हे. एक्सेल २०२१ किंवा त्यानंतरचं, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा गूगल शीट्स असेल तर फिल्टर फंक्शन वापरा:

=फिल्टर(ए२:ई११, (सी२:सी११="एक नंबर")*(ई२:ई११=एच२))

दोन्ही पावत्या पूर्ण ओळींसकट खाली उलगडतात. लिब्रेऑफिसमध्ये हे फंक्शन २४.८ या आवृत्तीपासून आहे.

तारखांची अट, आणि पंचगंगेची पातळी

"आठ तारखेपर्यंत एक नंबरला जास्तीत जास्त काय लागला?" यासाठी:

=मॅक्सइफ्स(ई२:ई११, सी२:सी११, "एक नंबर", ए२:ए११, "<"&डेट(२०२५,११,९))

उत्तर ४२००. तारीख अवतरणात टंकू नका. ती दिवस-महिना धरायची की महिना-दिवस, हे प्रत्येक संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. डेटमध्ये साल, महिना, दिवस असा क्रम पक्का आहे. ३.११.२०२५ अशी टिंबं देऊन लिहिलेल्या तारखा आपल्याकडच्या सेटिंगमध्ये बहुधा मजकूर ठरतात. सेलमध्ये तारीख डावीकडे चिकटलेली दिसली की शंका घ्या.

"९ पेक्षा कमी" असं का लिहिलं, "८ पर्यंत" असं का नाही? त्याचं कारण गुळात कळत नाही, पावसाळ्यात कळतं. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी कोल्हापूरकर पावसाळ्यात घड्याळासारखी बघतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. कोणी तासातासाची नोंद ठेवत असेल, तर त्याच्या ए रकान्यात नुसती तारीख नसते, वेळही असते. ३१ जुलै संध्याकाळी सहा ही नोंद "३१ जुलै" पेक्षा मोठी ठरते, कारण नुसती ३१ जुलै म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र. "३१ जुलैपर्यंत" लिहिलं की शेवटच्या दिवसाच्या नोंदी निघून जातात, आणि पूर कधी शेवटच्या दिवशीही चढतो. म्हणून "१ ऑगस्टपेक्षा कमी":

=मॅक्सइफ्स(डी२:डी३०००, ए२:ए३०००, ">="&डेट(२०२५,७,१), ए२:ए३०००, "<"&डेट(२०२५,८,१))

डी रकान्यात फूट लिहिले असतील असं तुम्हाला वाटलं असेल. तिथेच फसायला होतं. पातळी सांगतात ती "त्रेचाळीस फूट अकरा इंच" अशी, आणि माणूस टंकतो ४३.११. दोन इंचाची नोंद होते ४३.२. आता मॅक्सला विचारा: ४३.२ मोठा की ४३.११? तो म्हणेल ४३.२. प्रत्यक्षात पाणी नऊ इंचांनी खाली आहे. दहा इंचाची नोंद ४३.१० तर एंटर दाबताच ४३.१ होते, म्हणजे एक इंच. हे दशांश नाहीत, दोन वेगळी मापं एका टिंबाने जोडली आहेत.

म्हणून बी मध्ये फूट, सी मध्ये इंच, आणि डी मध्ये एकूण इंच: =बी२*१२+सी२. इशारा पातळी ४६८ इंच, धोका ५१६. मॅक्सइफ्स डी वर चालवा. उत्तर जी२ मध्ये असेल तर माणसाला वाचता येईल असं रूप द्या:

=इंट(जी२/१२)&" फूट "&मॉड(जी२,१२)&" इंच"

याच वहीत मॅक्सइफ्सचं धाकटं भावंडही कामी येतं. पाण्याने धोका पातळी पहिल्यांदा कधी गाठली?

=मिनइफ्स(ए२:ए३०००, डी२:डी३०००, ">=५१६")

सर्वांत लहान वेळ म्हणजेच पहिली वेळ. मॅक्सइफ्स लावलं तर शेवटची. पाणी धोक्याच्या वर सलग होतं की मधे उतरलं, हे मात्र या दोन फॉर्म्युल्यांतून कळत नाही.

दुकानातला संगणक जुना असेल तर

मॅक्सइफ्स एक्सेल २०१९ पासून आहे. गूगल शीट्समध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये ५.२ पासून आहे. एक्सेल २०१०, २०१३ किंवा साधं एकदाच विकत घेतलेलं २०१६ असेल तर नाही. नव्या एक्सेलमधली फाइल तिथे उघडली की फंक्शनच्या नावाआधी एक्सएलएफएन असं काहीतरी दिसतं, आणि फॉर्म्युल्याला हात लावताच नावाची चूक येते. अशा ठिकाणी:

=मॅक्स(इफ(बी२:बी११="शिरोळ", इफ(सी२:सी११="एक नंबर", ई२:ई११)))

हा कंट्रोल, शिफ्ट, एंटर दाबूनच पक्का करायचा. नीट बसला की फॉर्म्युला बारमध्ये दोन्ही बाजूंना महिरपी कंस आपोआप उमटतात, ते हाताने टंकायचे नाहीत. इफच्या आत इफ घालण्याऐवजी दोन्ही अटी अँडमध्ये लिहायचा मोह होतो. तो टाळा. अँड सगळ्या ओळी एकत्र करून एकच खरं-खोटं देतं, ओळीगणिक नाही.

काही जण मॅक्स((बी२:बी११="कागल")*एफ२:एफ११) असा आखूड मार्ग सांगतात. दरासाठी चालतो. पण एफ मध्ये मागच्या वर्षीच्या दराशी फरक असेल आणि कागलचे सगळे फरक उणे असतील, तर उत्तर ० येतं. अटीत न बसणाऱ्या ओळी शून्य होतात आणि शून्य हे उणे आकड्यांहून मोठंच.

तीन कळा दाबायचा विसर पडणाऱ्यांसाठी एक्सेल २०१० पासूनचं ॲग्रिगेट चांगलं:

=ॲग्रिगेट(१४, ६, ई२:ई११/((बी२:बी११="शिरोळ")*(सी२:सी११="एक नंबर")), १)

१४ म्हणजे मोठ्याकडून कितवा, ६ म्हणजे चुका सोडून दे. अटीत न बसणाऱ्या ओळी शून्याने भागल्या जाऊन चूक होतात आणि गळतात. शेवटचा १ म्हणजे पहिला क्रमांक.

डीमॅक्स नावाचं एक फार जुनं फंक्शनही आहे. त्यात अटी वेगळ्या तक्त्यात, शीर्षकासह लिहाव्या लागतात. मला ते कधी भावलं नाही. एक्सेलमध्ये त्याची मजकुराची अट "ने सुरू होणारं" अशी धरली जाते, म्हणजे अटीत "एक" इतकंच लिहिलं तरी "एक नंबर" जुळतं.

दुसऱ्या क्रमांकाचा दर

ॲग्रिगेटमध्ये तालुक्याची अट काढून शेवटी २ लिहिलं, तर एक नंबरचा दुसरा दर पुन्हा ४३२० येतो, कारण दोन पावत्या बरोबरीत आहेत. "त्याखालोखालचा वेगळा दर" हवा असेल तर मॅक्सइफ्सलाच वरची सीमा घाला:

=मॅक्सइफ्स(ई२:ई११, सी२:सी११, "एक नंबर", ई२:ई११, "<"&एच२)

उत्तर ४२००. ज्यातून आकडा काढायचा त्याच रकान्यावर अट घालता येते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

"पन्हाळा किंवा कागल" अशी अट असेल तर जोड्या वाढवून भागत नाही, कारण जोड्यांमध्ये "आणि" असतो, आणि एकच पावती दोन्ही तालुक्यांची असू शकत नाही. प्रत्येक तालुक्याचा मॅक्सइफ्स वेगळा काढा आणि दोन्ही एका मॅक्सच्या कंसात घाला.

सगळे तालुके एका तक्त्यात

जे२ पासून खाली तालुके, के१ पासून उजवीकडे प्रती लिहा. के२ मध्ये:

=मॅक्सइफ्स($ई$२:$ई$११, $बी$२:$बी$११, $जे२, $सी$२:$सी$११, के$१)

हे खाली आणि उजवीकडे ओढा. डॉलरचं चिन्ह विसरलं तर प्रत्येक ओळीला रकाना एकेक घर खाली सरकतो आणि वरच्या पावत्या गळत जातात. चिन्ह देण्यासाठी एफ४ ची कळ दाबा. आपल्या चार तालुक्यांच्या आणि तीन प्रतींच्या तक्त्यात बारापैकी तीन घरांत शून्य येईल: करवीर आणि पन्हाळ्याला दोन नंबर नाही, कागलला स्पेशल नाही. ती शून्यं नुसती लपवायची असतील तर सेलचा फॉरमॅट ०;-०;;@ असा द्या.

पावत्या रोज वाढतात, म्हणून ११ वर थांबलेला रकाना दुसऱ्याच दिवशी जुना होतो. नोंदींवर कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा, म्हणजे एक्सेलमध्ये तो टेबल होतो. त्यानंतर फॉर्म्युला शीर्षकांनीच लिहिता येतो:

=मॅक्सइफ्स(टेबल१[दर], टेबल१[तालुका], "शिरोळ")

नवी पावती टेबलाखाली टंकली की ती आपोआप हिशेबात येते, आणि सहा महिन्यांनी फॉर्म्युला वाचणाऱ्याला ई म्हणजे काय, हे विचारावं लागत नाही.

फॉर्म्युल्याचा कंटाळा असेल तर पिव्हट टेबल घ्या. ओळींत तालुका, रकान्यांत प्रत, व्हॅल्यूमध्ये दर. सुरुवातीला तो दरांची बेरीज दाखवतो. दरांची बेरीज करून काय मिळणार? व्हॅल्यू फील्ड सेटिंग्जमध्ये जाऊन सम ऐवजी मॅक्स निवडा. ज्या तालुक्याची पावती नाही त्याचं घर इथे रिकामं राहतं, शून्य येत नाही. एक्सेलमध्ये नवी पावती टाकल्यावर पिव्हटवर राइट क्लिक करून रिफ्रेश द्या, नाहीतर संध्याकाळी येणाऱ्याला सकाळचाच दर सांगाल.